गळा, चेलो आणि जात्याची घरघर

मागच्या वर्षी श्रावणात माझी एक जुनी विद्यार्थिनी फोंड्याला आमच्या घरी आली. सोबत तिची मैत्रीण होती आणि मैत्रिणीच्या पाठीवर जवळजवळ तिच्याच उंचीची पेटी होती. पेटीत चेलो होता. विद्यार्थिनी शास्त्रीय गायन शिकलेली. मैत्रीण सासष्टीतली, लहानपणी चर्चच्या वादकांत व्हायोलिन वाजवणारी आणि पुढे चेलोकडे वळलेली. दोघींना जुनी लोकगीते मांडायची होती, तीही फक्त एक गळा आणि एक चेलो घेऊन. तबला, संवादिनी, घुमट यांपैकी काहीच नाही. माझ्या आईने एका वहीत उतरवून ठेवलेल्या जात्यावरच्या ओव्या मी त्यांना आधीच दिल्या होत्या. शब्द नीट उच्चारले जातात की नाही, एवढेच मला ऐकायचे होते.

त्यांनी पहिली ओवी म्हटली. चेलोचा खोल स्वर पडवीभर पसरला, त्यावर गळा सावकाश चढत गेला, प्रत्येक शब्दाला भरपूर वेळ मिळाला. मी ‘छान’ म्हणणार, तेवढ्यात कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली माझी ब्याऐंशी वर्षांची मावशी म्हणाली, “गातेस गोड. पण अशा चालीनं दळलं तर सांजेपर्यंत पीठ पडायचं नाही.”

आम्ही तिघी हसलो. पण त्या वाक्याने पुढचे चार महिने आमची पाठ सोडली नाही. लोकगीताला नवी साथ द्यायची म्हणजे नेमके काय करायचे, त्यात शब्दांचे काय होते आणि आपण भाषा शिकवणाऱ्यांनी त्यातून काय घ्यावे, हे मला त्या चार महिन्यांत थोडे कळले. ते इथे मांडते.

वाद्याची ओळख

चेलो हा व्हायोलिनच्या घराण्यातला थोरला भाऊ. त्याचे खोड साधारण ७५ सेंटिमीटर लांब असते. वादक खुर्चीवर बसून तो गुडघ्यांच्या मध्ये धरतो आणि गजाने वाजवतो. तारा चार. पाश्चात्त्य पद्धतीने त्या खालून वर सी, जी, डी, ए अशा मिळवतात. कंपनसंख्या सांगायची तर सेकंदाला सुमारे ६५, ९८, १४७ आणि २२०. म्हणजे खालची तार पुरुषाच्या खर्जात बोलते आणि वरच्या तारेवर बोट सरकवत नेले की वाद्य स्त्रीच्या आवाजाच्या पट्टीत येते. माणसाच्या गळ्याचा जवळजवळ सगळा पल्ला या एका वाद्यात सामावतो.

दुसरी गोष्ट अशी की, चेलोला सतारीसारखे पडदे नसतात. त्यामुळे मींड घेता येते आणि आपल्या चालीतले अधलेमधले स्वरही लावता येतात. सास्किया राव-द हास या मूळच्या नेदरलँड्सच्या वादक पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्याकडे शिकल्या. त्यांनी हिंदुस्थानी संगीतासाठी चेलोचे वेगळे रूप घडवून घेतले. त्यात वाजवण्याच्या पाच तारा आहेत, दहा तरफेच्या तारा आहेत आणि तो जमिनीवर बसून वाजवता येतो. आमच्या मुलीकडे मात्र साधा चार तारांचा चेलो होता.

शेजारच्या दोन तारांत पंचमाचे अंतर असते, हे आमच्या फार कामी आले. विद्यार्थिनी एरवी काळी चारमध्ये गाते. ती अर्धा स्वर उतरून पांढरी पाचवर आली. आता चेलोची जी ही मोकळी तार तिचा षड्ज झाली आणि डी पंचम. वादकाने डाव्या हाताचे एक बोटही न लावता तानपुऱ्यासारखा आधार उभा राहिला.

ही जोडी तशी जुनीच

लोकसंगीतात चेलो म्हणजे अलीकडचे फॅड, असा माझा समज होता. तो खोटा ठरला. अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये नाचाच्या मेळाव्यांत व्हायोलिन आणि चेलो अशी जोडी वाजत असे. नील गो हा तिथला प्रसिद्ध व्हायोलिनवादक. त्याचा भाऊ डोनाल्ड त्याला चेलोवर साथ करी. डेव्हिड ॲलन या चित्रकाराने १७८० साली रंगवलेल्या एका लग्नाच्या चित्रात हे दोघे भाऊ वाजवताना दिसतात. पुढे चेलो मैफलीच्या दालनात गेला आणि गावच्या नाचातून बाजूला पडला. आपल्या काळात अलास्डेअर फ्रेझर आणि नॅटली हास यांनी ती जुनी जोडी पुन्हा उभी केली. त्यांच्या वादनात चेलो नुसता मागे गुणगुणत नाही, तो नाचणाऱ्याच्या पायाखाली ठेका धरतो.

गळा आणि चेलो यांचेही असेच. फ्रान्समध्ये ‘बर्ड्स ऑन अ वायर’ नावाची जोडी आहे. रोझमेरी स्टँडली गातात, तर मूळच्या ब्राझीलच्या दोम ला नेना चेलो वाजवतात आणि गातातही. त्यांचा पहिला अल्बम २०१४ साली आला, दुसरा २०२० साली. अनेक भाषांतली, अनेक काळांतली गाणी त्या एवढ्याशा सामग्रीवर मांडतात. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या लेला मकाला यांचे आईवडील हैतीचे. त्या स्वतःच गातात आणि स्वतःच चेलो वाजवतात. हैतीची क्रेओल लोकगीते गाताना त्या अनेकदा गज बाजूला ठेवतात आणि बोटांनी तारा छेडतात. मग चेलो एखाद्या घरगुती तंतुवाद्यासारखा वाटू लागतो आणि मैफलीचा थाट उतरून जातो.

अशा मांडणीमागचा प्रश्न १९०६ सालीच कुणीतरी नेमका मांडून ठेवला आहे. त्या वर्षी बेला बार्तोक आणि झोल्तान कोदाय या दोन तरुण हंगेरियन संगीतकारांनी वीस लोकगीते पियानोच्या साथीसह छापली. प्रस्तावनेत कोदाय यांनी साथीला कपड्यांची उपमा दिली. गाव सोडून शहरात आलेल्या गाण्याला नवे कपडे लागतात, पण ते असे बेतावेत की गाण्याचा श्वास कोंडू नये, असा त्यांचा आशय. मावशी म्हणाली ते याहून वेगळे नव्हते. आम्ही ओवीला भरजरी शालू नेसवला होता आणि त्यात तिला हात हलवता येत नव्हता.

चेलोची चार कामे

गळ्याबरोबर चेलो चार प्रकारची कामे करू शकतो. ती वेगवेगळी ओळखली की नवी मांडणी का जमली किंवा का फसली, हे सांगता येते.

पहिले काम आधाराचे. एकच खालचा स्वर सलग धरून ठेवायचा. इथे एक धोका असतो. आपल्या बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ई, ओ, यांचा जोर खालच्या कंपनसंख्यांत असतो, तर स, श, च यांसारख्या व्यंजनांची खसखस फार वरच्या पट्टीत असते. चेलो गळ्याच्याच पट्टीत मोठ्याने वाजू लागला की शब्दातले स्वर झाकले जातात आणि ऐकणाऱ्याला नुसती व्यंजनांची टोके ऐकू येतात. म्हणून शब्द चालू असताना चेलोने एक सप्तक खाली राहावे आणि ओळ संपल्यावर वर यावे. हा साधा नियम पाळल्यावर, आधी तीनदा ऐकूनही न कळलेला एक शब्द मला पहिल्याच वेळी कळला.

दुसरे काम ठेक्याचे. तारा बोटाने छेडून किंवा गज तारांवर हलकेच आपटून चेलो चाल धरू शकतो. गाणे कामाचे असेल तर हेच काम सगळ्यांत महत्त्वाचे.

तिसरे काम दुसऱ्या आवाजाचे. गळा थांबला की चेलोने बोलायचे. चालीचीच पुनरुक्ती करायची किंवा तिला उत्तर द्यायचे.

चौथे काम गप्प बसण्याचे. साथ अचानक थांबली की उरलेला शब्द एकटा पडतो आणि ठळक ऐकू येतो. वादक मुलीला हे सगळ्यांत अवघड गेले. एवढे मोठे वाद्य घेऊन यायचे आणि मग वाजवायचे नाही, हे तिला पटेना.

आमच्या पहिल्या मांडणीत चेलो फक्त पहिले काम करत होता, तेही सतत. त्यामुळे ओवी सुंदर झाली होती, पण तिचे कष्ट हरवले होते.

वहीत नसलेले

मग आम्ही मावशीलाच विचारले, कसे गायचे ते दाखव. तिने पाय पसरला, हवेतच खुंटा धरला आणि हात फिरवायला लागली. समोर विद्यार्थिनीला बसवले. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात. एकीने ओळ उचलायची, दुसरीने तिचा उत्तरार्ध परत म्हणायचा. तेवढ्यात पहिली दम घेते आणि पुढची ओळ आठवते. वैरण घालायला हात गेला की गाणे क्षणभर थांबते, म्हणून थांबण्याच्या जागा ठरलेल्या असतात. मागे जात्याची घरघर चालूच असते. ती घरघर हीच ओवीची पहिली साथ. एक गळा आणि त्याखाली एक सलग, खोल, खरखरीत आवाज ही जोडी आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होती. तिला संगीत म्हणायचे कुणाला सुचले नाही, एवढेच.

आता वहीकडे पाहिले तेव्हा चूक कळली. आईने प्रत्येक ओळ एकदाच लिहिली होती. दुसरीने परत म्हणायचा भाग तिने लिहिला नव्हता, कारण तो लिहिण्यासारखा आहे असे तिला वाटलेच नसणार. ‘गो’, ‘बाई’, ‘सये’ असे मधले शब्दही पुष्कळ ठिकाणी गाळले होते. कागदावरची ओवी म्हणून आखूड झाली होती. मुलींना ती आखूड ओवी मिळाली आणि गाणे भरावे म्हणून त्यांनी लय ओढून ताणली. मावशीचे पीठ तिथे अडले होते.

दुसरी चूक माझी होती, आणि ती कबूल केली पाहिजे. वीसेक वर्षांपूर्वी, नवी शिक्षिका असताना, मी त्या वहीत पेन्सिलने दुरुस्त्या केल्या होत्या. मावशी आणि आई मूळच्या पेडण्याच्या बाजूच्या. तिथल्या बायकांच्या ओवीत मराठी आणि कोकणी हातात हात घालून येतात. आईने ‘आवय’ लिहिले होते, मी त्यावर ‘आई’ लिहिले. ‘बापूस’चे ‘वडील’ केले, ‘घोव’चा ‘नवरा’ केला. मला वाटले, मी शुद्ध करते आहे. विद्यार्थिनीने माझी पेन्सिल प्रमाण मानली. ‘आवय’ची तीन अक्षरे चालीच्या तीन ठोक्यांवर बसतात. ‘आई’ला दोनच अक्षरे. तिसरा ठोका भरायला तिला ‘ई’ लांबवावी लागे आणि साध्या हाकेचा विलाप होई. ऐकणाऱ्याला वाटे, ही गायिकेने घातलेली भावना आहे. प्रत्यक्षात ती माझी पेन्सिल होती.

मी खोडरबर घेऊन बसले आणि तिन्ही शब्द परत आणले. गोव्यात, बेळगावात किंवा इंदूर-बडोद्याकडे राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा मोह जास्त होतो, असे मला वाटते. आपली मराठी शेजारच्या भाषांत मिसळलेली असते. आपण मराठीच बोलतो हे दाखवायला आपण पुण्याहूनही अधिक काटेकोर होतो आणि नेमके आपले म्हणून जे असते तेच खोडून टाकतो.

चेलोने दुसरी बाई होणे

यानंतरची मांडणी वेगळी झाली. आधारासाठी षड्ज-पंचमाच्या मोकळ्या तारा राहिल्या, पण वादक मुलीने गज घोडीच्या अगदी जवळ नेला. तिथे घासले की तारेचा गोडवा जातो आणि खरखर उरते. गजाचे एक जाणे-येणे म्हणजे जात्याचा एक फेरा असे तिने धरले. लय जवळजवळ दुप्पट झाली. वैरणीच्या जागी चेलो पूर्ण थांबू लागला.

सगळ्यांत मोठा बदल म्हणजे दुसऱ्या बाईचे काम चेलोकडे गेले. गळ्याने ओळ म्हणायची आणि तिचा उत्तरार्ध चेलोने परत वाजवायचा. शब्द अर्थातच नसत. पण नुकतेच ऐकलेले शब्द ऐकणाऱ्याच्या मनात असत आणि चेलोच्या चालीवर ते आपोआप येऊन बसत.

इथे मला पाब्लो कझाल्स यांची गोष्ट आठवली. जगातले थोर चेलोवादक, जन्म १८७६चा, भाषा कातालान. स्पेनमधील यादवी युद्ध संपले त्या १९३९ सालापासून ते देशाबाहेर राहिले. फ्रँको सत्तेवर असेपर्यंत परतायचे नाही असे त्यांनी ठरवले होते. तिकडे कातालान भाषा शाळांतून आणि सार्वजनिक व्यवहारातून हटवली गेली. कझाल्स मैफलीत ‘पक्ष्यांचे गाणे’ हे जुने कातालान नाताळगीत चेलोवर वाजवत. १९७१ साली, वयाच्या ९४व्या वर्षी, त्यांनी ते संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात वाजवले. ते १९७३ साली परदेशातच वारले. ज्या गाण्याची भाषा घरी दडपली जात होती, ते गाणे चेलोने जगभर नेले, शब्दांवाचून.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या कातालान माणसाला ते शब्द ठाऊक होते, त्याच्या मनात चेलो ऐकताना ते उमटत असणार. ज्याला ठाऊक नव्हते, त्याने एक सुरेल करुण चाल ऐकली. वाद्य चाल सांभाळू शकते, शब्द ऐकणाऱ्यालाच सांभाळावे लागतात.

याचा अनुभव आम्हाला डिसेंबरात आला. गावच्या सभागृहात दोघींचा छोटा कार्यक्रम झाला. तिसऱ्या ओवीला चेलोने उत्तरार्ध उचलला आणि पुढच्या रांगेतल्या चार-पाच वृद्ध बायका हळूच शब्द म्हणू लागल्या. कुणी सांगितले नव्हते. दुसरीची जागा रिकामी दिसली आणि त्या आत शिरल्या. मागच्या रांगांत माझ्या महाविद्यालयाची मुले होती. ती मन लावून ऐकत होती, टाळ्याही त्यांनीच सगळ्यांत मोठ्या वाजवल्या. पण चेलोच्या पाळीला मागच्या रांगा गप्प होत्या. मुलांना गाणे आवडले होते. परत म्हणायला त्यांच्याकडे काही नव्हते. त्या रात्री मला झोप उशिरा लागली.

वर्गात काय करता येईल

लोकगीत छापले म्हणजे वाचले, असे आपण धरून चालतो. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या आणि पुढे त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रितही झाल्या. आज त्या ‘पारी’च्या संग्रहात गाणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गावाच्या नावानिशी ऐकता येतात. तो नावाचा उल्लेख मला आवाजाइतकाच मोलाचा वाटतो. ‘पारंपरिक’ हा शब्द सोयीचा आहे, पण त्याच्या आड गाणारी बाई दिसेनाशी होते. आमच्या दोघी आता कार्यक्रमात ओव्या कुणाकडून आल्या, वहीत काय गाळले गेले होते आणि आपण काय बदलले, हे तीन वाक्यांत आधी सांगतात.

शिक्षकांसाठी माझ्या अनुभवातून निघालेल्या काही सूचना. विद्यार्थ्याने लोकगीत आणले तर ते एकदा लिहून आणि एकदा ऐकवून आणायला सांगावे आणि दोन्हींतला फरक वर्गात फळ्यावर मांडावा. पुनरुक्ती, मधले हाकारे, थांबण्याच्या जागा लिहून घ्याव्यात. शब्द दुरुस्त करण्याआधी त्याची अक्षरे चालीवर मोजून पाहावीत. हे गाणे कोणत्या कामाचे, हा प्रश्न अर्थाच्या आधी विचारावा. दळणाचे, लावणीचे की पाळण्याचे, यावर लय ठरते. आणि कुणी नवी साथ जोडली तर तिला सरसकट नाके मुरडू नयेत, सरसकट मानही डोलावू नये. साथ शब्दाला जागा देते का, एवढे ऐकावे.

यंदा जूनपासून मी हेच करते आहे. पहिल्या महिन्यात अकरा मुलांनी घरातून गाणी आणली. सात जणांना ती आजीकडून मिळाली, एकाला आजोबांकडून. तीन मुले मोकळ्या हातांनी आली आणि म्हणाली, आमच्याकडे आता गाणारे कुणी नाही. त्यांना मी मावशीकडे पाठवले.

मावशीने कार्यक्रम पुढच्या रांगेत बसून ऐकला होता. घरी परतताना रिक्षात वादक मुलीने भीतभीत विचारले, आता कसे झाले? मावशीने थोडा विचार केला. मग म्हणाली, “आता पडेल पीठ. जाडंभरडं पडेल, पण पडेल.”